डोक्यावरची स्लॅब

आमच्या भोकरला स्लॅब म्हणजे घरावर पडते. त्यामुळे 'स्लॅब सेरिफ' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा डोळ्यांपुढे सळया आणि मिक्सरच आला. :-) अर्थ मात्र फार लांबचा नाही. रोमन अक्षरांच्या पायाशी-डोक्याशी ज्या बारीक आडव्या रेघा असतात, त्या जाडजूड केल्या की झाला स्लॅब सेरिफ. १८४५चा क्लॅरेंडन, १९३४चा रॉकवेल ही नेहमीची उदाहरणं. तसं पाहिलं तर आपली देवनागरी जन्मतःच स्लॅबवाली. फक्त ती पायाला नाही, डोक्यावर.

तर गेले दोन वीकेंड मी अशाच एका स्लॅबच्या इटालिकच्या प्रेमात होतो. इंग्रजी मासिकांत हे फार सुरेख करतात. लेखकाचं म्हणणं सरळ अक्षरांत आणि दुसऱ्याचं अवतरण, तळटीप, पुस्तकाचं नाव इटालिकमध्ये. घराणं एकच, आवाज दोन. म्हटलं, आपणही करू. इथल्या जुन्या लेखांतले सगळे उतारे इटालिक करून टाकले.

रविवारी भोकरहून अण्णांचा फोन. "ते मधलं मधलं कामून वाकडं झालं रे? मान तिरपी करून वाचावं लागायलंय."

आधी मी ते त्यांच्या चष्म्यावर ढकललं. मग स्वतः झूम करून पाहिलं आणि लाज वाटली.

होतं काय, की देवनागरीच्या बहुतेक फाँटांना इटालिक नसतंच. र. कृ. जोशींनी काढलेला, विंडोज २०००बरोबर घरोघरी पोचलेला मंगल घ्या, त्याला नाही. मुंबईच्या 'एक टाइप'च्या मुक्ताला सात वजनं आहेत, इटालिक एकही नाही. ब्राउझरला मात्र 'नाही' म्हणता येत नाही. तो सरळ अक्षरंच सुमारे १४ अंशांत ढकलून देतो, म्हणजे चार एकक वर गेलं की एक एकक उजवीकडे. गणित म्हणून सोपं आहे, पण अक्षर म्हणून भयंकर. दंड कलंडतात आणि शिरोरेषा आडवीच राहते. वाऱ्यात दोरीवर कपडे उडावेत तसा शब्द दिसतो. वेलांटी, रफार, अनुस्वार उजवीकडे सरकतात, उकार डावीकडे. तिरपा उतारा संपून सरळ मजकूर सुरू होतो तिथे तर शेवटचा अनुस्वार पुढच्या चिन्हावर जाऊन आपटतो. भोकरच्या चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोरलमध्ये ओढून तिरपी केलेली नावं असतात ना, तेच मी घरबसल्या केलं होतं. च्यायला, त्या फ्लेक्सवाल्यांना मी हसायचो!

आपल्याकडे हे राहून गेलं त्याचं एक कारण शिशाचं आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांत देवनागरीचे खिळे शेकड्यांनी लागायचे. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काना-मात्रांच्या जोड्या. तेवढेच पुन्हा तिरपे ओतायचे आणि जुळाऱ्याने दुसऱ्या केसमधून शोधायचे, हे कोणाला परवडणार? त्यामुळे ठळक टाइप आणि अवतरणचिन्हं यांवरच मराठीने भागवलं.

पण मला त्याहून एक गोष्ट जास्त खटकते. इटालिक म्हणजे तिरपं, हीच मुळात अर्धवट समजूत आहे. व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसने १५०१ मध्ये व्हर्जिलचं छोटेखानी पुस्तक इटालिकमध्ये छापलं, तेव्हा त्या टाइपामागे त्या काळच्या लेखनिकांचं भरभर लिहिलेलं धावतं हस्ताक्षर होतं. आता सांगा, मराठीतलं धावतं हस्ताक्षर कोणतं? मोडी! आधी सबंध ओळभर रेघ मारायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता लिहीत जायचं. विल्यम केरीने श्रीरामपूरला १८१०चा मराठी कोश मोडी टाइपात छापला होता. म्हणजे आपलं इटालिक आपल्या दप्तरांत पडून होतं आणि आम्ही ते १४ अंशांच्या सूत्रात शोधत बसलो.

मोडीतच छापा असं मी म्हणत नाही. शाळेतून ती जाऊन जमाना झाला. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली दप्तरं उघडली, तेव्हा मोडी वाचणारे शोधत फिरावं लागलं. माझं म्हणणं एवढंच, की मासिकांसाठी देवनागरीचं इटालिक काढायचं तर मोडीचे कागद समोर ठेवून काढा. शिरोरेषेची स्लॅब तशीच जाड राहू द्या. कल पाच-सहा अंश पुरे, नसला तरी चालेल. गाठी गोल करा, वळणं एकमेकांत वाहू द्या, आणि मात्रा नव्याने बसवा. ल पाकळीचा आणि श देठाचा हवा, हे वेगळं सांगायला नकोच. टिरो देवनागरी मराठी या फाँटाला स्वतःचं इटालिक आहे, तेव्हा अशक्य काही नाही. पण एका फाँटावर अख्ख्या भाषेने किती दिवस काढायचे? आणि जाड स्लॅबचं, मथळ्यालाही पेलेल असं मला हवं तसं अजून सापडलेलं नाही.

तूर्त मी एवढंच केलं. मराठी मजकुरासाठी ब्राउझरची ही नकली तिरपेगिरी बंद केली, उतारे सरळ झाले. दुपारी अण्णांना लिंक पाठवली. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"आता बरं दिसायलंय. पण त्यातलं तुझं कोणतं आन् दुसऱ्याचं कोणतं, तेच कळंना."