बिले अडतात, उद्योग खुंटतो

लघुउद्योग वाढत का नाहीत, असा प्रश्न निघाला की भांडवलाचा तुटवडा, विजेचा लपंडाव आणि तरुणांची सरकारी नोकरीची ओढ ही ठरलेली उत्तरे मिळतात. ती खोटी नव्हेत. परंतु वेर्णे, कुंडई वा बेतोडे येथील एखाद्या छोट्या कारखानदाराची वही उघडून पाहिली, तर निराळेच दुखणे आढळेल. माल गेलेला असतो, पसंतही पडलेला असतो. पैसे तेवढे आलेले नसतात. चतुर्थी तोंडावर येते, कामगारांचा पगार व बोनस थांबवता येत नाही, आणि हा गृहस्थ स्वतःचे येणे बाकी असता बँकेकडून व्याजाने पैसे उचलतो. बड्या कंपनीला बिनव्याजी भांडवल पुरवणारा धनको तोच, आणि बँकेच्या पायऱ्या झिजवणारा ऋणकोही तोच!

कायदा नाही असे मुळीच नाही. 1993 साली एक झाला. 2006 च्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत आणि करार नसल्यास 15 दिवसांत रक्कम चुकती झाली पाहिजे. विलंबास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. एवढे धारदार शस्त्र म्यानातच राहते, कारण तक्रार करायची ती ज्याच्या ऑर्डरवर घरची चूल पेटते त्याच्याविरुद्ध. परिषदेकडे अर्ज गेला की पुढची ऑर्डर दुसऱ्याला गेलीच म्हणून समजावे. मग 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' म्हणत दिवस काढणे ओघानेच आले. 1 एप्रिल 2024 पासून आयकराचा बडगाही आला. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येणार नाही, असे ठरले. तेव्हा मोठे ग्राहक नोंदणीकृत लहानांकडून खरेदीच टाळतील, अशी भीती उद्योजकांनीच बोलून दाखवली होती.

आमच्या मते, गाऱ्हाणे मांडण्याचे ओझेच लहानाच्या खांद्यावरून उतरवले पाहिजे. 45 दिवसांपलीकडे थकलेल्या रकमांचे सहामाही विवरण केंद्र सरकारला देण्याचे बंधन कंपन्यांवर 2019 साली घातले गेले. यादी अशी हाती येत असताना फिर्यादीची वाट कशाला पाहायची? त्या विवरणांवरूनच परिषदेने आपण होऊन नोटिसा काढाव्यात. अर्थात सरकारी खाती ह्या रोगापासून मुक्त आहेत असे कोणी शपथेवर सांगणार नाही. आपल्या खात्यांकडे व महामंडळांकडे कोणत्या लघुउद्योजकाचे बिल किती दिवस पडून आहे, ते पर्वरीच्या सरकारने विधानसभेच्या येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावे.