बोट आणणं सोपं, जेट्टी चालवणं अवघड! प्रवरेत बोटिंग हवं असेल तर आधी हा हिशेब वाचा

सलग दोन-तीन दिवस सुट्टी आली की श्रीरामपूरहून निघालेल्या गाड्या संगमनेर, अकोले करत भंडारदऱ्याला पोहोचतात. मुलांना बोटीत बसवायचं, फोटो काढायचे आणि रात्री परत. परतीच्या वाटेवर एक प्रश्न हमखास निघतो. हीच प्रवरा आपल्या बेलापूरवरून वाहते, तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे, मग आपल्याकडे बोटिंग का नाही?

प्रश्न रास्त आहे. मात्र या सगळ्या व्यवहारात बोट ही सर्वात सोपी गोष्ट. ती निधी मिळाला की विकत घेता येते. खरा खर्च उद्घाटनानंतर सुरू होतो आणि त्याचा धनी आधी ठरला नाही तर एक तर बोटी सडतात किंवा माणसं बुडतात.

आधी पाण्याचा हिशेब

भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. साठवणक्षमता सुमारे ११ टीएमसी. त्याखाली निळवंडे, त्याच्याही खाली ओझरचा बंधारा. ओझरपासून डावा आणि उजवा कालवा निघतो आणि शेतीचं बरंचसं पाणी तिथूनच कालव्यांत जातं. त्यामुळे बेलापूरजवळच्या नदीत पावसाळ्यात पूर असतो. पावसाळा सरला की बंधाऱ्यांनी अडवलेलं पाणी उरतं आणि उन्हाळ्यात तेही तळाला जातं.

त्यात तुटीच्या वर्षी समन्यायी पाणीवाटपानुसार जायकवाडीसाठी पाणी सोडलं जातं. त्या वेळी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात. म्हणजे काल घाटाला लागलेली बोट आज जोरदार प्रवाहात आणि महिनाभराने चिखलात, असं होऊ शकतं. अशा नदीवर सिमेंटच्या पायऱ्या बांधून भागत नाही. पाण्याबरोबर वर-खाली होणारी तरंगती जेट्टी लागते आणि पाणी सोडण्याआधी जलसंपदा विभागाकडून बोटचालकापर्यंत निरोप पोहोचण्याची पक्की व्यवस्था लागते.

मालक अनेक, जबाबदार कोण?

नदीतलं पाणी आणि बंधारे जलसंपदा विभागाकडे, नदीपात्र महसूल विभागाकडे, काठावरचा घाट आणि कचरा ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे, मासेमारी मत्स्य विभाग आणि सहकारी संस्थांकडे. यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. पर्यटनासाठी आणखी वेगळं महामंडळ.

कायदा नाही, असंही नाही. १९१७ चा जुना कायदा बाजूला सारून केंद्राने २०२१ मध्ये अंतर्देशीय जहाज कायदा केला. त्यात नोंदणी, तपासणी, विमा आणि चालकाची पात्रता या अटी आहेत. वल्ह्याच्या होड्यांची नोंद ठेवण्याचं काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे देण्याची सोयही आहे. २०१६ च्या कायद्याने तर गोदावरीचा नाशिकपर्यंतचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ मध्ये घातला आहे. कागदावर श्रीरामपूर तालुका राष्ट्रीय जलमार्गाच्या काठावर आहे! पण रविवारी दुपारी चार वाजता, ‘वारा सुटलाय, बोटी बंद करा’ असं सांगण्याचा अधिकार नेमका कुणाला, याचं उत्तर कागदावरच्या या गर्दीत सापडत नाही.

या एका प्रश्नाची किंमत किती असते, हे मे २०२४ मध्ये दिसलं. २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. दोनच दिवसांनी याच प्रवरेत, अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ, बुडालेल्या तरुणाचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली. तीन जवान गेले. प्रशिक्षित माणसांनाही ही नदी सोडत नाही, तर हौशी पर्यटकांचं काय?

पैशाचं गणित

आता एक साधा अंदाज मांडू. आकडे समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. चार बोटी, प्रत्येकीत दहा जण, तिकीट १०० रुपये. शनिवार-रविवारी प्रत्येक बोटीच्या दहा फेऱ्या धरल्या तर दिवसाला ४०० प्रवासी. बाकीचे पाच दिवस प्रत्येक बोटीच्या दोन फेऱ्या, त्याही अर्ध्या भरलेल्या, म्हणजे दिवसाला ४० प्रवासी. आठवड्याचे झाले १,००० प्रवासी आणि एक लाख रुपये. बोट चालण्याजोगं पाणी २६ आठवडे मिळालं, तर वर्षाला २६ लाख.

रक्कम मोठी दिसते. पण त्यातून डिझेल, चालक, दुरुस्ती, विमा आणि ठेकेदाराचा नफा निघायचा आहे. समजा, घाटाच्या देखभालीसाठी तिकिटामागे दहा रुपये बाजूला काढले. वर्षाला होतात २ लाख ६० हजार. महिना १५ हजारांवर चार जीवरक्षक वर्षभर ठेवायचे तर खर्च ७ लाख २० हजार. दहा रुपयांत दोन जीवरक्षकांचाही पगार निघत नाही. चौघांसाठी तिकिटामागे किमान २८ रुपये हवेत. जेट्टीची डागडुजी, गाळ, शौचालयं आणि कचरा अजून धरलेलाच नाही.

आणि नदी कोरडी असलेल्या उरलेल्या २६ आठवड्यांत उत्पन्न शून्य असलं तरी हे खर्च पूर्ण थांबत नाहीत. सरकारी निधी बहुतेक वेळा बांधकामाला आणि खरेदीला मिळतो. जीवरक्षकाच्या बाराव्या महिन्याच्या पगाराला कुणी नारळ फोडत नाही.

गोदावरीवर, नाशिकजवळच्या गंगापूर धरणावरच्या बोट क्लबचा अनुभव यासाठीच लक्षात ठेवावा. तिथे महागड्या बोटी आल्या आणि नंतर काही वर्षं वापराविना पडून राहिल्या.

ठेका दिला म्हणजे सुटलो?

यावर नेहमीचा तोडगा म्हणजे ठेका. पालिकेला वर्षाला ठरलेली रक्कम मिळते, डोक्याचा ताप जातो. पण १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात काय झालं? महापालिकेने खासगी ठेक्यावर दिलेल्या बोटिंगमध्ये क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवलेली बोट उलटली. सहलीला आलेली १२ मुलं आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. त्याआधी मे २०२३ मध्ये केरळच्या तानूरला गच्च भरलेली पर्यटक बोट बुडून २२ जण गेले.

ज्याचं उत्पन्न प्रत्येक जादा प्रवाशामागे वाढतं, त्याच्याच हाती प्रवासी मोजण्याचं काम ठेवलं तर दुसरं काय होणार? बोट ठेकेदाराने चालवावी, त्याला हरकत नाही. पण जेट्टीवर माणसं मोजणारा, जॅकेट तपासणारा आणि वारा पाहून फेरी थांबवणारा माणूस ठेकेदाराच्या पगारावर नको.

दुसरीकडे काय करतात?

पणजीत मांडवीवर जलसफरींची आणि कॅसिनो जहाजांची दाटी असते. ती गर्दी किती असावी, यावर गोव्यात वाद आहेतच. तरी नोंदणी, तपासणी आणि परवान्यासाठी बोलायचं कुणाशी, हे स्पष्ट आहे. तिथे बंदर कप्तान खातं आहे.

इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या ब्रॉड्स या नद्या-तलावांच्या पट्ट्यात प्रत्येक बोटमालक वार्षिक पथकर भरतो. तो पैसा गाळ काढणं, गस्त आणि जलमार्गाच्या देखभालीवरच खर्च करायचा असतो. पाण्यातून आलेला पैसा पाण्यातच जातो.

आपल्या २०२१ च्या कायद्यातही राज्यांनी विकास निधी उभारावा, अशी तरतूद आहे. आपत्कालीन तयारी आणि प्रदूषण नियंत्रण हे त्याचे हेतू आहेत. तिचा उपयोग छोट्या नद्यांसाठीही करून घ्यायला हवा.

श्रीरामपूरने काय मागावं?

बोटिंगची मागणी जरूर व्हावी. काठावरच्या मच्छीमार कुटुंबांना त्यातून रोजगार मिळू शकतो आणि नदी त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. मात्र निवेदनात ‘बोटी द्या’ एवढंच नको. तीन गोष्टी आधी लेखी मागाव्यात. फेरी थांबवण्याचा अधिकार असलेला एक जबाबदार अधिकारी, तिकिटातला ठरलेला वाटा जमा होणारं स्वतंत्र खातं, आणि त्या खात्याचा जमाखर्च दर महिन्याला घाटावरच्या फलकावर.

या तीन गोष्टी मिळत नसतील तर भंडारदऱ्याचा फेरा परवडला. निदान तिथे पोहोचल्यावर बोटीत बसण्याआधी जॅकेट मागून घ्यावं आणि बोटीतली माणसं मोजावीत. त्यासाठी कोणत्याही निधीची गरज नाही.