पळून गेलेल्यांची बाजू

इंग्रजांना मुक्तिदात्याचे प्रमाणपत्र देण्याची हौस आपल्याकडे अजून फिटलेली नाही. बारामतीत अलीकडेच एका व्याख्यानात ते पुन्हा बहाल झाले. वक्त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गुलामगिरी हा अरबांचा रोग, आपला तिच्याशी संबंध नाही. इंग्रजी निशाण जिथे गेले तिथे गुलाम मोकळा झाला. आखातातले शेख एकमेकांच्या मुलखात पळालेली माणसे परत देत-घेत, तो त्यांचा आपसातला रिवाज. इंग्रज फक्त साक्षीला. आणि पळालेला माणूस परत मागणे हा तर कोणत्याही राज्याचा हक्कच. सभेने टाळ्या वाजवल्या. मला संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

पहिल्या मुद्द्याला चार ओळी पुरेत. पेशवाईत वाड्यांतून आणि किल्ल्यांवर कुणबिणी राबत होत्या. त्यांची खरेदी-विक्री होत होती. बदकर्माचा ठपका ठेवून बाईला कुणबीण करून टाकत. दप्तरांतल्या या नोंदी छापून कधीच प्रसिद्ध झाल्या आहेत. आपल्याकडे गुलामांना वर चढता येत होते, याला पुरावा म्हणून मलिक अंबरचे नाव पुढे करणे तर अन्यायाचेच आहे. हबशी मुलखातून विकला गेलेला, मोखा-बगदाद करत दख्खनला पोचलेला तो मुलगा मालक मेल्यावर सुटला, म्हणून निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. ज्यांना सुटताच आले नाही त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

आता इंग्रजी निशाणाची गोष्ट. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एवढेच ठरवले की गुलामावरची मालकी कोर्टांनी मानायची नाही. माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरायला १८६० ची दंडसंहिता यावी लागली. आणि जुलै १८७५ मध्ये ब्रिटिश आरमारखात्याने आपल्या कप्तानांना काय हुकूम पाठवला? दुसऱ्या देशाच्या किनाऱ्यालगत गलबतावर चढून आलेल्या गुलामाला, त्याचा जीव उघड धोक्यात नसेल तर, आसरा देऊ नका. आणि तो गुलाम असल्याचे सिद्ध झाले तर ठेवून घेऊ नका. कारणही त्यातच दिले होते : इराणच्या आखातात मोत्यांसाठी बुड्या मारणारे सगळे गुलाम उद्या इंग्रजी जहाजांवर येऊन बसले तर त्यांचे मालक साफ बुडतील. इंग्लंडात ओरड झाली, हुकूम मागे घ्यावा लागला, चौकशीला रॉयल कमिशन नेमावे लागले. पण मालक बुडतील ही चिंता आधी सुचली, हे विसरायचे कसे?

माझा खरा वाद आहे तो 'फक्त साक्षीला' या दोन शब्दांशी. १८५३ च्या कायमच्या तहाने आखातातल्या शेखांची समुद्रावरची भांडणे इंग्रजांनी बंद केली होती. पण भांडणाचे मूळ शिल्लक होते. नाखव्याकडून आगाऊ रक्कम घेतलेला पाणबुड्या हंगामाच्या तोंडावर पळे आणि शेजारच्या शेखाच्या बंदरात दुसऱ्या नाखव्याकडे कामाला लागे. कर्ज फिटता फिटत नसे, बाप गेला की मुलाच्या माथी येई. कित्येक पाणबुडे तर सरळ गुलामच होते. त्यांनी काढलेल्या मोत्यांचे पैसे मालकाच्या खिशात जात. कर्जदार आणि गुलाम यांच्यातली रेघ त्या किनाऱ्यावर फार पुसट होती. १८७९ मध्ये शेखांनी आपसात करार केला : पळून आलेला कर्जदार ज्याच्या हद्दीत सापडेल त्याने तो परत द्यायचा, न दिल्यास दंड. हा करार बुशहरच्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या देखरेखीखाली झाला, आणि तीच रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती. मोती विकायला यायचे तेही मुंबईच्याच बाजारात. ज्याच्या छत्राखाली शांतता, ज्याच्या बाजारात माल, तो निव्वळ साक्षीदार कसा?

आणि याच १८७९ मध्ये इथे काय झाले? दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करता येणार नाही असे ठरले. एकच साम्राज्य, एकच वर्ष. तिकडे कर्जदाराला बांधून परत पाठवायचे, इकडे त्याला तुरुंगापासून वाचवायचे. यात तत्त्व शोधत बसणाऱ्यांनी सुप्याला जावे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि खाती बाहेर काढून जाळली, म्हणून हा कायदा आला. त्या दंग्याला लूटमार म्हणणाऱ्यांशी मी पूर्वीही भांडलो आहे. माणसांच्या जिवाला लोकांनी जवळजवळ हात लावला नाही, त्यांचा राग कागदांवर होता.

इंदापूरची गोष्ट त्याहून जुनी. कंपनीचा अंमल आल्यावर प्रिंगल साहेबाने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. मोजणी चुकली, वसुलीला मारझोड झाली, आणि रयत घरेदारे सोडून शेजारच्या संस्थानी मुलखांत निघून गेली. दक्षिणेला नीरा ओलांडली की फलटणच्या निंबाळकरांचे आणि साताऱ्याच्या छत्रपतींचे राज्य. पूर्वेला काही मजलांवर निजामाची हद्द. जमिनी पड राहिल्या. अखेर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी याच इंदापुरात नवी मोजणी केली, सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. पुढे मुंबई इलाखाभर गेलेली ती पद्धत. तिचे श्रेय पाठ्यपुस्तके दोन साहेबांना देतात. नीरा-भीमा ओलांडून गेलेल्या कुणब्यांचे नाव त्यात नसते, आणि मला सर्वांत जास्त सलते ते हेच.

राज्याच्या हक्काविषयी एवढेच : खुन्याला परत मागणे वेगळे आणि मजुराला परत मागणे वेगळे. हा भेद ज्याला दिसत नाही त्याने न्यायाची भाषा बोलू नये.

मग माझे म्हणणे काय? सीमा ओलांडणाऱ्याला गुन्हेगार किंवा दयेचा धनी न मानता इतिहास घडवणारा माणूस मानावे. आखातातही पुढे पळालेलेच गुलाम शारजा, मस्कत, बुशहर इथल्या ब्रिटिश कचेऱ्यांत पोचले, जबान्या दिल्या, सुटकेचे दाखले मागून घेतले. त्या जबान्या दप्तरांत आहेत. इंदापूर-बारामतीकडच्या जुन्या घराण्यांतही कोण कधी नीरेपलीकडे गेले, का परतले, याच्या आठवणी आणि कागद निघू शकतील. ते शोधण्याचे काम इथल्या महाविद्यालयांनी हाती घ्यावे. आणि वक्त्यांना माझी विनंती आहे : पुढच्या व्याख्यानात १८७५ चा तो हुकूम आणि १८७९ चा तो करार श्रोत्यांना आधी वाचून दाखवा, प्रमाणपत्र नंतर द्या.