बाईच्या पाठीला सुईच का?

रोवणा सुरू झाला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात सुईचा हंगामही सुरू होतो. दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून परे लावायचे, संध्याकाळी कंबर धरली की मोटारसायकलवरून येणाऱ्या बोगस डॉक्टरकडून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचून घ्यायचं आणि सकाळी पुन्हा बांधीत उतरायचं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, याच भागात काम करते, आणि या प्रकाराला उपचार म्हणायला मी तयार नाही. दुखणं गप्प करून बाईला पुन्हा कामाला जुंपण्याचा हा धंदा आहे. तो आरोग्य केंद्राच्या फाटकाबाहेर चालतो तसा फाटकाच्या आतही चालतो.

या पाठींना होतं तरी काय? मार्च-एप्रिलमध्ये खाली वाकून मोह वेचायचा, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, पुडे बांधायचे, ओझं डोक्यावर घेऊन फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, न्यायचं, मग रोवणा, मग कापणी. सरपण आणि पाणी बाराही महिने आहेच. तेच स्नायू, तोच ताण, विसावा नाही. अशा स्नायूत ताठर पट्टा तयार होतो आणि त्यात एक हळवी गाठ बोटाला लागते. ती दाबली की दुखणं दुसरीकडेच उमटतं. मानेजवळच्या गाठीची कळ कानशिलात जाते, कुल्ल्यातल्या गाठीची कळ मांडीवरून पायात उतरते. मग बाई डोकेदुखीची गोळी खाते, किंवा नस दबली असं तिला सांगून कुणी तिला एमआरआयसाठी नागपूरला धाडतो. पाठीला हात कुणीच लावत नाही! माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे. कागद लिहिला जातो, सुई टोचली जाते, पण ज्या स्नायूने दहा तास काम केलं त्यावर बोट ठेवून बघायची तसदी कुणी घेत नाही.

या गाठींना ट्रिगर पॉइंट म्हणतात. अमेरिकेच्या डॉ. जेनेट ट्रॅव्हेल यांनी त्यांचा अभ्यास उभा केला आणि डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत 1983 मध्ये त्यावरचा ग्रंथ काढला. जॉन केनेडींच्या पाठीवर त्या 1955 पासून उपचार करत होत्या, पुढे केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्या व्हाइट हाउसच्या पहिल्या महिला डॉक्टर झाल्या. राष्ट्राध्यक्षाच्या पाठीचा एकेक स्नायू चाचपून बघितला गेला. आज पुण्या-मुंबईच्या स्पामध्ये याच गाठींची दाबणी तासावर विकली जाते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला ती मिळते आणि दिवसभर वाकणारीला मिळत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

डायक्लोफेनॅक हे विष नव्हे. चार दिवसांसाठी, तपासून दिलं तर कामाचं औषध आहे. पण इथे ते हंगामभर, वर्षानुवर्षं दिलं जातं. रक्तदाब मोजत नाहीत, मूत्रपिंडाची तपासणी नाही, उपाशीपोटी आहेस का एवढंही विचारत नाहीत. सोबत स्टेरॉइडची गोळीही सरकवतात, ती हाडं पोखरते. आता याच औषधाची दुसरी गोष्ट बघा. ते दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती, म्हणून 2006 मध्ये सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळत होत्या, म्हणून 2015 मध्ये त्याही बंद करून 3 मिलिलिटरची एका मात्रेची कुपी सक्तीची केली. गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांसाठी सुरक्षित मांसाची उपाहारगृहं उभारली. हे सगळं योग्यच झालं, मला त्याचा आनंद आहे. पण त्याच जंगलाच्या काठावरच्या बाईच्या मूत्रपिंडाची चौकशी करणारं कुणी का नसावं, याचं उत्तर मला हवं आहे.

गावाला दाबण्याचं शहाणपण नवं नाही. पोराला पाठीवर चालवणं, टाचेने कंबर रगडणं, उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेणं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. पायाळूपणात काही नाही, दाबात आहे. सोसेल इतकाच दाब, अर्धा ते दीड मिनिट, मग सावकाश ताण आणि शेक. एवढंच करायचं असतं. अंगावर धाडकन बसून मणका कडाकड मोडणारे वैदू आणि बाजारातले तेलविके यांना मी याच्या जवळपासही उभं करणार नाही.

दाबणीच्या नावाने चमत्कार विकणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. एकाच पाठीवर दोन तज्ज्ञांना गाठ एकाच जागी सापडेल याची खात्री नाही. गाठ नेमकी कशाने होते यावर संशोधकांत वाद आहे. आराम बहुतेकदा थोड्या दिवसांचा असतो, आणि काम तेच राहिलं तर दुखणं परत येतं. आपल्या भागात आणखी एक धोका आहे, तो शहरातल्या पुस्तकांत ठळक नसतो. इथे सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघर आहे. सिकलसेलची कळ पाठीत, हाडांत उठते आणि ती स्नायूची समजून रगडत बसलात तर दवाखान्यात पोचायची वेळ निघून जाते. ताप, घटणारं वजन, रात्री झोपमोड करणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयही असू शकतो. पाय लुळा पडला, जांघेत बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, तर दाबणी नको, तातडीने इस्पितळ गाठायचं.

हे सगळं गावातल्या बाईला शिकवता येणार नाही, असं मला अधिकारी ऐकवतात. गडचिरोलीत बसून हे बोलायची हिंमत होते तरी कशी? याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांतल्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायलासुद्धा. तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं आणि पुढे देशभरच्या आशा सेविकांच्या कामात ते आलं. जी बाई मरणाच्या दारातलं बाळ ओळखते, तिला स्नायूची गाठ आणि सिकलसेलची कळ यातला फरक शिकवता येतो. ‘सर्च’ने पाठदुखीही गांभीर्याने घेतली; मुंबईचे मणक्यांचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी तिथे येऊन शस्त्रक्रिया करत आले. पण शस्त्रक्रिया लागणाऱ्या पाठी थोड्या. बाकीच्यांनी कुणाकडे जायचं?

बाबा आमटेंना मणक्याच्या आजाराने बसता येत नसे. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, एवढंच. तशा पाठीने ते 1985 मध्ये भारत जोडो यात्रेला निघाले. त्या पाठीपुढे सगळा महाराष्ट्र वाकला. वरोऱ्यापासून भामरागडपर्यंतच्या बायांची पाठ मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही, कारण ती कामाला जाणं थांबवत नाही.

मागणी सोपी आहे. दोन्ही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जिल्हा परिषदा आहेत, खनिज निधीचा पैसा आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट बसवा. आशांना दाबणी, ताण आणि धोक्याच्या खुणा शिकवा, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला द्या. फुकट राबवू नका. वारंवार सुई घेणाऱ्या प्रत्येक बाईची मूत्रपिंडाची तपासणी करा. आणि डॉक्टरसाहेब, सुई भरण्याआधी एकदा तिच्या पाठीला हात लावून बघा.