वजनकाटा आहे, रक्तचाचणी हवी

मोखाडा-जव्हारचे नाव निघाले की कुपोषण आठवते. १९९२-९३ मधील वावर-वांगणीचे बालमृत्यू महाराष्ट्र विसरलेला नाही. मात्र बाळाचे घटते वजन हे प्रत्येक वेळी भुकेचेच लक्षण नसते, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके तयार करतात. एका आनुवंशिक विकारात ही निर्मितीच खुंटते. त्याच्या तीव्र प्रकारात शरीरातील मीठ लघवीवाटे निघून जाते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बाळ ओकू लागते, सुकते आणि उपचाराविना दगावते. मुलीच्या जननेंद्रियांत जन्मतःच वेगळेपणा दिसतो. मुलगा मात्र निरोगी भासतो, म्हणून त्याचे निदान हुकते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बालके तपासली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ५,७६२ बालकांमागे एकाला हा विकार आढळला. गोव्याने अशी नवजात तपासणी २००८ मध्येच हाती घेतली होती.

टाचेतील रक्ताचे थेंब कागदावर वाळवून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतात. औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. पण ती साध्या गोळ्यांचीच असतात. 'आशा' सेविका सातव्या, चौदाव्या व एकविसाव्या दिवशी घरी जाऊन बाळाचे वजन करतात. संकटाचे दिवसही नेमके हेच. शासनाने जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच या चाचणीची सोय करावी, आणि पालकांनी संकोचापोटी मुलीचे लक्षण लपवू नये. अन्यथा वाचू शकणारे बाळ कुपोषणाच्या नोंदीत हरवून जाईल.