मामांच्या कॅलेंडरवरचा पासवर्ड

गांधीबागेत माझ्या मामांचं साड्यांचं दुकान आहे. गल्ल्यामागच्या कॅलेंडरवर एका पोर्टलचा पासवर्ड बॉलपेनने लिहिलेला असतो. दुकानाचं नाव, पहिलं अक्षर कॅपिटल, मग ॲटचं चिन्ह, शेवटी आकडा. पोर्टलने नवा पासवर्ड मागितला की मामा आकडा एकने वाढवतात.

दिवाळीत मी त्यांना यावर लेक्चर दिलं. साडीची घडी घालत मामा म्हणाले, "काऊन बे, हे नियम तुम्हीच पोट्ट्यांनी लिहिले ना?"

खरंच होतं. पहिल्या नोकरीत तो कोड मीच लिहिला होता: एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, दर 45 दिवसांनी बदल. का, हे मी कुणाला विचारलं नव्हतं.

हे नियम जगभर पसरले ते अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेच्या 2004 सालच्या मार्गदर्शिकेतून. ती लिहिणारे बिल बर यांनी 2017 मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने दिशा बदलली: चिन्हांची सक्ती नको, ठरावीक मुदतीने बदल नको, लांब पासवर्ड स्वीकारा, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीतला असेल तर नाकारा. आपण मात्र अजून जुनंच कॉपी-पेस्ट करतोय आणि वर मामांसारख्यांना अडाणी म्हणतोय!

सक्ती केली की माणूस ठरलेल्या वाटेनेच जातो. कॅपिटल सुरुवातीला, आकडा शेवटी. पासवर्ड फोडणाऱ्या सॉफ्टवेअरला ही वाट पाठ असते. उलट 7776 शब्दांच्या यादीतून फाशाने निवडलेले पाच शब्द घ्या. कीबोर्डवरच्या 95 चिन्हांतून आठ अक्षरांचे जितके पासवर्ड होतील, त्याच्या चार हजार पटींहून जास्त जोड्या इथे होतात. शब्द स्वतः मात्र निवडायचे नाहीत. 'काठ'नंतर तुम्हाला 'पदर'च सुचणार.

आणि कॅलेंडरपेक्षा मोठा धोका आहे तो एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्याचा. 2009 मध्ये रॉकयू या कंपनीचे 3.2 कोटी पासवर्ड फुटले, तेही साध्या अक्षरांत साठवलेले. एका साइटवरून असा पासवर्ड गेला की चोर तोच तुमच्या ईमेलवर लावून बघतो. ईमेल गेला की बाकीचे पासवर्ड रीसेट करणं सोपं. म्हणून ईमेलचा पासवर्ड वेगळाच हवा, आणि बाकीचे पासवर्ड मॅनेजरमध्ये. मॅनेजर जमत नसेल तर कागदावर लिहा, पण तो तिजोरीत ठेवा. परदेशातल्या चोराला तिजोरी दिसत नाही. (कॅलेंडर मात्र गिऱ्हाइकाला दिसतं, एवढं मामांनी मान्य केलं.)

मग मी शब्दांची यादी काढली, मामांनी लुडोचा फासा पंचवीस वेळा टाकला. पाच शब्द आले, मामांना ते दोन मिनिटांत पाठ झाले. पोर्टलवर टाकले. उत्तर आलं: पासवर्ड 15 अक्षरांपेक्षा मोठा नको, एक कॅपिटल आणि एक चिन्ह हवं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि कॅलेंडरवरचा आकडा एकने वाढवला.