सोयराबाईंच्या मुलाला गादी कुणी दिली?

२०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ सिनेमा लागला आणि छत्तीसगड सरकारनं तो करमुक्त केला. भिलाईतली मराठी मंडळी त्याआधीच जाऊन आली होती. मग सेक्टरातले बिहारी, तेलुगू, बंगाली शेजारीही गेले. नंतर कितीतरी दिवस मला एकच प्रश्न येत राहिला, कधी भाजीच्या ठेल्यावर तर कधी जिन्यात. आणि तो औरंगजेबाबद्दलचा नव्हता. “भाभी, वो सास सच में ऐसी थी क्या?”

मराठी असण्याचे हे तोटे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सासूचा जबाब आपण द्यायचा.

दिव्या दत्तानं सोयराबाई रंगवली, रश्मिका मंदानानं येसूबाई. त्याआधी ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिका घरोघरी चालली होती, त्याच्या कितीतरी आधी, १९६२ साली, कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक आलं होतं. सोयराबाईंच्या भूमिकेत नटीला भरपूर वाव असतो. येसूबाईंच्या वाट्याला बहुतेकदा सोसणं आणि औक्षण येतं. पाहणाऱ्याला हे नातं ओळखीचं वाटतं, कारण ते आपण आपल्याच घरातून तिथं नेऊन ठेवलेलं असतं.

सोयराबाई मोहित्यांच्या. ६ जून १६७४ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा पट्टराणी म्हणून शिवाजी महाराजांशेजारी त्या बसल्या आणि युवराज म्हणून सतरा वर्षांचे संभाजीराजे. ते राणी सईबाईंचे. सोयराबाईंचे राजाराम तेव्हा चार वर्षांचे होते. पुढची सात वर्षं गडावर जे काही झालं त्याची मांडणी मला त्या एका दिवसातच दिसते. एका समारंभात राणीचा मान एकीला मिळाला आणि वारसाचा मान दुसरीच्या मुलाला. यात सून कुठे आली? शृंगारपूरच्या शिर्क्यांची मुलगी, युवराजांची बायको, सोयराबाईंची सावत्र सून. येसूबाई कितीही गुणी असत्या किंवा कितीही भांडकुदळ असत्या तरी प्रश्न तोच राहिला असता.

३ एप्रिल १६८०ला महाराज गेले. संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. अठरा दिवसांत, २१ एप्रिलला, सोयराबाईंनी आणि अण्णाजी दत्तोंसारख्या प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवलं. म्हणजे राज्य खरोखर सोयराबाईंच्या हाती आलं, काही आठवडे का होईना. ते मोडलं कुणी? सुनेनं नाही, सख्ख्या भावानं. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांनी पन्हाळ्याकडे निघालेल्या प्रधानांनाच कैद केलं आणि भाच्याऐवजी संभाजीराजांची बाजू घेतली. बहिणीला हे किती लागलं असेल! माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत जिव्हारी लागणारं नातं हे बहीण-भावाचं आहे. पण त्यावर मालिका निघत नाही.

जूनमध्ये संभाजीराजे रायगडावर आले. आणि इथे एक कागद आडवा येतो. १६८०च्या ऑगस्टमध्ये त्यांनी बाकऱ्यांना दिलेल्या संस्कृत दानपत्रात या सावत्र आईचं मन स्फटिकासारखं निर्मळ असल्याचं म्हटलं आहे. गादीवरून दूर सारायला निघालेल्या आईबद्दल, चारेक महिन्यांतच! कुणी म्हणेल, दानपत्रात असंच लिहायचं असतं. असेलही. पण पुढे दीडशे वर्षं जे लिहिलं गेलं ते तरी कुठे निर्हेतुक होतं? संभाजी महाराजांविरुद्धच्या १६८१च्या कटानंतर देहदंड झाला त्यांत अण्णाजी दत्तो आणि हिरोजी फर्जंद यांच्याबरोबर बाळाजी आवजी चिटणीसही होते. त्याच घराण्यातल्या मल्हार रामराव चिटणीसांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बखर लिहिली. सोयराबाई ऑक्टोबर १६८१मध्ये गेल्या. त्यांना भिंतीत चिणल्याची कथा बखरींतली. वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांनी कागद तपासून संभाजी महाराजांवरची पुटं काढली, तेव्हा या कथेचाही जोर ओसरला. पडद्यापर्यंत मात्र दानपत्र अजून पोचलेलं नाही.

सासू-सुनेत प्रत्यक्ष काय बोलणं झालं? कागद गप्प आहेत. राणी एलिझाबेथ आणि डायना यांचं उलट होतं. नोव्हेंबर १९९५मध्ये डायना बीबीसीवर बोलली, डिसेंबरात राणीनं मुलाला आणि सुनेला घटस्फोट लवकर घ्या म्हणून पत्रं लिहिली, आणि पत्र गेल्याची बातमी जगभर छापून आली. तिथं इतकं छापलं गेलं की खरं शोधणं अवघड. इथे काहीच नाही, म्हणून आपण लिहून घेतलं. रायगडावर राणीवशाची जोती एका रांगेत दाखवतात. ती पाहताना मला आमचं जुनं दोन खोल्यांचं क्वार्टर आठवलं होतं. नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई आणि मी, ओटा एक, आणि मिक्सरच्या आवाजावरूनही कुणाचं डोकं ठिकाणावर नाही ते कळायचं. राण्यांना निदान वेगळे महाल होते.

पण मला शेजारणींना सांगायची होती ती गोष्ट सिनेमा जिथे थांबतो तिथून सुरू होते.

फेब्रुवारी १६८९मध्ये संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले. रायगडावर येसूबाई होत्या. ‘श्री सखी राज्ञी जयति’ अशी त्यांची मुद्रा, राजा मोहिमेवर असताना कारभार पाहायची सवय. मुलगा शाहू सात वर्षांचाही नव्हता. आणि गडावरच, नऊ वर्षं नजरेखाली ठेवलेले दीर राजाराम. येसूबाईंनी मुलासाठी हट्ट धरला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं. त्याच महिन्यात राजारामांना मंचकावर बसवलं गेलं, येसूबाईंच्या संमतीनं. ज्या गोष्टीसाठी सोयराबाईंनी सगळं पणाला लावलं ती त्यांच्या मृत्यूनंतर सव्वासात वर्षांनी सुनेनं होऊ दिली.

यात मला सासूवरची माया दिसत नाही, आणि ती शोधायची गरजही नाही. दोन्ही वारस एकाच गडावर अडकले तर एका वेढ्यात राज्य संपतं, एवढा हिशेब त्यांना येत होता. एप्रिलमध्ये राजाराम बाहेर पडले आणि पुढे जिंजीला पोचले. येसूबाई गड लढवत राहिल्या. ३ नोव्हेंबर १६८९ला रायगड पडला आणि त्या मुलासह मोगलांच्या कैदेत गेल्या. शाहू १७०७मध्ये सुटले, त्या १७१९मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले तेव्हा.

शाहू परतले तेव्हा गादी परत द्यायला नकार कुणी दिला? राजारामांच्या विधवा राणी ताराबाईंनी, म्हणजे हंबीररावांच्या मुलीनं. आत्याची सून झालेली ही भाची. लग्नाआधीच आत्या वारलेली, पण दावा आत्याचाच पुढे चालवत होती. खेडच्या लढाईत शाहू जिंकले. तरी सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या राहिल्या, आणि सोयराबाईंचा नातू संभाजी आणि येसूबाईंचा मुलगा शाहू यांच्यात वारणेचा तह होऊन हद्दी ठरायला १७३१ उजाडलं.